चेकर कुंदामावशी

कुंदामावशी मेस्त्रींची आणि माझी पहिली भेट लिफ्टमध्ये झाली, आणि त्या भेटीत त्यांनी माझ्या पाठीवर बाण चिकटवला.

हे मला तेव्हा कळलं नाही. मरोळच्या या बिल्डिंगमध्ये राहायला येऊन आम्हाला चारच दिवस झाले होते. लिफ्टमध्ये एक बुटक्या, काटक बाई आधीच उभ्या होत्या. नाकावर चष्मा, त्या चष्म्याच्या वरून बघायची सवय. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "वळ गो वायच."

मी वळले. नव्या शेजारणीने वळ म्हटल्यावर काय करणार? खांद्यापाशी बोट टेकल्यासारखं वाटलं. धागाबिगा काढला असेल असं समजून मी "थँक्यू" म्हटलं आणि पवईला ऑफिसात गेले. तीन मीटिंगा झाल्या. एका मीटिंगमध्ये तर मी फळ्याकडे तोंड करून वीस मिनिटं बोलले. दुपारी कँटीनमध्ये आमच्या साहेबांनी विचारलं, "मनीषा, हा बाण कोणाला दाखवतोय?"

उजव्या खांद्यावर, मागच्या बाजूला, नखाएवढा लाल कागदी बाण होता. बाणाच्या टोकाशी शिवण अर्धा इंच उसवली होती.

संध्याकाळी मी जाब विचारायला गेले. दार उघडून त्यांनी आधी माझा खांदा बघितला आणि त्याच उलट माझ्यावर चिडल्या. "अगो, सकाळी दाखवलंय मां तुका? मगे शिवलंस कित्याक नाय?"

मी जालन्याची. मालवणी नीट कळायला मला दोन वर्षं लागली. पण 'ही बाई मला ओरडतेय' एवढं त्याच दिवशी कळलं. सुईदोरा त्यांच्याच घरात निघाला. कुर्ता अंगावर असतानाच त्यांनी शिवण घातली, दात लावून धागा तोडला, आणि पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "पास."

कुंदामावशी एकतीस वर्षं मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका एक्स्पोर्ट कंपनीत चेकर होत्या. शिवून आलेला शर्ट टेबलावर टाकायचा, उलटा करायचा, सुलटा करायचा, चूक दिसली की तिथे लाल बाण लावायचा. मिनिटाला दोन शर्ट. चूक नसेल तर पीस पास. चूक दुरुस्त होण्यासारखी असेल तर आल्टर. नसेल तर रिजेक्ट. अमेरिकेत कोणा साहेबाच्या काखेतली शिवण सरळ असेल तर ती आपल्यामुळे, असं त्या साध्या आवाजात सांगतात, त्यात बढाई नसते. कंपनी बंद झाली तेव्हा शेवटच्या दिवशी मालकाने सांगितलं, काय हवं असेल ते न्या. कोणी पंखा नेला, कोणी खुर्ची नेली. मावशींनी बाणांच्या स्टिकरची अख्खी खोकी आणली. ती अजून संपलेली नाहीत.

त्यामुळे आमच्या बिल्डिंगमध्ये काहीही बिघडलं की आधी त्यावर बाण लागतो. जिन्याच्या कठड्याला बाण, टाइलच्या तड्याला बाण. गणपतीच्या पावतीवर 'श्रीं'ची वेलांटी चुकली होती तर तिच्यावरही बाण. सोसायटीच्या सेक्रेटरीने नवी नोटीस लावली की तासाभरात तिच्यावर तीन-चार बाण उगवतात. माणसंही यातून सुटत नाहीत. माझा नवरा नितीन त्यांच्या मते आल्टर. सेक्रेटरी रिजेक्ट. मी पास, "पण धागे कापूक होये." म्हणजे मी जास्त बोलते.

मावशींचं लग्न झालेलं नाही. का नाही, हे मी एकदा विचारलं होतं. "बघूक इलेले चार जण. चारांकय बाण लावलंय," एवढंच म्हणाल्या आणि दूध उतू जातंय म्हणून आत गेल्या. गॅसवर दूध नव्हतं.

या बाईच्या हातात जुने कपडे विकायचं ॲप मी दिलं. त्याचं पाप म्हणा, पुण्य म्हणा, माझं.

झालं असं की बोहारीण आली होती आणि मी जुन्या कुर्त्यांचा ढीग देऊन एक स्टीलचं पातेलं घेत होते. मावशी दारातून बघत होत्या. पातेलं हातात घेऊन त्यांनी फिरवलं, बुडाशी बाण लावला, बोहारणीला परत दिलं आणि माझे कुर्ते काखोटीला मारून स्वतःच्या घरात गेल्या. "चांगले पीस आसत गो. पातेल्याक देतंस?" मी म्हटलं, हल्ली हे फोनवर विकता येतात. फोटो काढायचा, माहिती लिहायची, घेणारा पत्ता देतो, कुरिअरवाला येऊन घेऊन जातो. त्यांनी मला समोर बसवून सगळं दोनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं आणि माझ्या फोटोतल्या सावलीला नाव ठेवलं.

त्यांची पहिली जाहिरात मला पाठ आहे.

'चिकनचा कुर्ता, मोतिया रंग. मूळ मालकीण माझी शेजारीण. बाई बरी आहे पण धुण्याचा आळस. चुका. एक : डाव्या काखेत घामाची कड आहे. उन्हात दिसते, सावलीत दिसत नाही. दोन : तिसरं बटण मूळचं नाही. तीन : पोटावर कढीचा डाग होता. मी काढला, पण तो होता. मान आखूड असेल त्यांनी घेऊ नये, कॉलर टोचेल.'

फोटोत कुर्त्यावर तीन बाण.

मी कपाळावर हात मारला. "मावशी, असं लिहून कोण घेणार? सगळे 'अगदी नव्यासारखा' लिहितात."

"मगे नवोच विकूचो. जुनो कित्याक विकतत?"

पंधरा दिवस कोणी फिरकलं नाही. मग घाटकोपरच्या एका बाईंनी तो कुर्ता घेतला आणि पोचल्यावर लिहिलं, 'तुम्ही सांगितल्या तेवढ्याच चुका निघाल्या. माझ्या लग्नाच्या वेळी पण मला एवढं खरं कोणी सांगितलं नव्हतं.' त्या बाईंनी बहिणीला सांगितलं, बहिणीने ऑफिसात सांगितलं. सहा महिन्यांत आमच्या आणि शेजारच्या दोन बिल्डिंगमधले लोक कपड्यांच्या पिशव्या घेऊन मावशींच्या दारात. काही जण नुसते त्यांच्या जाहिराती वाचायला ॲपवर जात. मुलुंडच्या एका मुलीने तर मेसेज केला की, आजी, तुमचं वाचून झाल्याशिवाय मला झोप लागत नाही. त्याला मावशींनी उत्तर दिलं, 'दूध पी.'

पण नुसतं पसंत पडलं म्हणून कपडा मिळेल असं नव्हतं. मावशी घेणाऱ्याचा फोन नंबर मागत आणि मुलाखत घेत. फोन स्पीकरवर असे, त्यामुळे भिंतीपलीकडे आम्हीही हजर.

"चंदेरी साडी खंय नेसतलंस? म्हणजे कुठे नेसणार?"

"मैत्रिणीच्या लग्नाला, आंटी."

"जेवण बसून का उभं राहून?"

"बुफे आहे."

"मग नाही देणार. उभ्याने खाताना रस्सा सांडतो. बसून जेवायचं लग्न असेल तेव्हा फोन कर."

कोणी 'लास्ट प्राइस काय?' असं विचारलं की मावशी लिहीत, 'पहिली वाचलीत का?' एकाने भावाच्या मुंजीसाठी रेशमी सोवळं मागितलं तेव्हा त्या भावाचं वय, उंची आणि तो हात पुसायला काय वापरतो, हे सगळं विचारून झालं होतं. शेवटी आई फोनवर आली आणि तिने शपथ घेतली, तेव्हा सोवळं सुटलं.

कधी कधी त्या घ्यायच्याही. बोरिवलीच्या एका बाईने 'एकदाच घातलेला' म्हणून एक टॉप विकला. मावशींनी तो उलटा केला आणि मला सांगितलं, "एकदा? ह्याचा कोपर निदान चाळीस वेळा धुतलेला आसा." त्यांनी बाण लावून फोटो पाठवला. बाई वाद घालू लागली. मावशींनी तो टॉप रफू केला, बटणं घट्ट केली, इस्त्री केली आणि स्वतःच्या खर्चाने परत पाठवला. सोबत चिठ्ठी : 'आता खरं लिहून वीक.' बाई त्यानंतर कपडे विकायच्या आधी यांना फोटो पाठवून विचारू लागली.

दामले आले ते याच ॲपवरून.

त्यांचा मेसेज मावशींनी मला मुद्दाम दाखवला. 'सप्रेम नमस्कार. आपल्या जाहिराती वाचल्या. वस्तूचे इतके दोष आधी सांगणाऱ्या व्यक्तीवर विश्वास ठेवावासा वाटला. माझ्या दिवंगत पत्नीच्या छत्तीस साड्या माझ्याकडे आहेत. त्या योग्य हाती पडाव्यात अशी इच्छा आहे. आपण मार्गदर्शन कराल का? आपला, वसंत दामले, विलेपार्ले पूर्व.'

"ह्यो मेसेज आसा काय अर्ज?" मावशी म्हणाल्या. पण त्यांनी तो दोनदा वाचला.

पुढच्या गुरुवारी चार वाजता दामले आले. गुरुवारी मी घरून काम करते, आणि साड्या धरायला दोन हात जास्त लागतात म्हणून मावशींनी मला बोलावून घेतलं होतं. दामले उंच, थोडे वाकलेले, कॉलेजात ग्रंथपाल होते. पेरूंची पिशवी आणि साड्यांची पिशवी, दोन्ही त्यांनी सारख्याच जपून टेबलावर ठेवल्या.

मावशींनी पहिली साडी उघडली. अंजिरी इरकल. खिडकीपाशी नेऊन उजेडात धरली आणि बोटं चालू लागली. दामल्यांशी शुद्ध बोलायचं असं त्यांनी ठरवलं असावं, कारण प्रत्येक वाक्याआधी त्या जरा थांबत होत्या.

"इथे बघा. गुडघ्याच्या उंचीवर सुतं ओढलेली आहेत. एक नाही, पुष्कळ. लहान पोरं ओढायची का साडी?"

दामले पुढे झाले. "बालवाडीत शिकवायची ती. तीस वर्षं." त्यांनी त्या ओढलेल्या सुतांवरून बोट फिरवलं. "हे मी कधी पाहिलं नव्हतं."

"कमरेत डावीकडे कापड विरलंय. चाव्या?"

"बालवाडीच्या कपाटाच्या. घरी आल्यावरही काढायची नाही. आवाज यायचा." ते हसले. "आली की आधी चाव्या यायच्या, मग ती."

मावशींनाही हे आवडलं असावं. बाण लावायचं विसरून त्या खालच्या काठाकडे वळल्या. "आणि फॉल. उजव्या पायाकडचा घासलाय, डाव्याकडचा नाही. पाय ओढत चालायच्या ना? उजवा गुडघा दुखत असणार."

दामले वाकून फॉलकडे बघत राहिले. मग हळू म्हणाले, "मला कधी बोलली नाही."

मावशींचा हात फॉलवर तसाच राहिला. चूक सापडल्यावर या बाईचा चेहरा उजळतो, हे मी सात वर्षं बघत आले. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना चूक सापडल्याचा पस्तावा झालेला मी पाहिला.

त्यांनी पिशवीतली दुसरी साडी ओढून काढली. हिरवी नारायणपेठ. भराभर खालचा काठ उलटा केला. "ही कधीची?"

"ही अलीकडची. जायच्या आदल्या वर्षी घेतलेली."

मावशींनी फॉल डोळ्यांपाशी नेला. "ह्याला काही नाही. दोन्हीकडे सारखा आहे. म्हणजे गुडघा बरा झाला होता."

"हो का?" दामल्यांचा आवाज एकदम सुटला. "बरा झाला होता ना?"

"एकदम बरा."

नंतर घडी घालायला त्यांनी ती नारायणपेठ माझ्याकडे दिली. उजव्या पायाकडचा फॉल घासून पार जाळी झाला होता. मी मावशींकडे पाहिलं. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे असं पाहिलं की मी निमूट घडी घातली.

दामले जायला निघाले तेव्हा म्हणाले, "उरलेल्या चौतीस उद्याच आणून देतो."

"नको, नको," मावशी म्हणाल्या. "एकदम नाही घेत मी. चेकिंगला वेळ लागतो. आठवड्याला एक. दर गुरुवारी."

मिनिटाला दोन शर्ट बघणारी बाई हे सांगत होती. मी पेरू कापायला आत गेले.

मग गुरुवार सुरू झाले. चारला पाच कमी असताना लिफ्टचा आवाज यायचा. दामले एक साडी आणायचे, मावशी ती तासभर चेक करायच्या. कुठे हळदीचा पिवळा ठिपका, तो मंगळागौरीचा. कुठे पदराला दाताच्या खुणा. त्या मुलाच्या, दात येत होते तेव्हाच्या. दामल्यांना एक गोष्ट आठवली की दुसरी आठवायची. मावशी ऐकायच्या. मधूनच "मगे?" म्हणायच्या आणि जीभ चावून "मग?" म्हणायच्या. घावणे व्हायचे. पार्ल्याच्या माणसाला घावण्याबरोबर नारळाचा गोड रस पहिल्यांदा मिळाला, आणि त्याने ताटली चाटून पुसून परत दिली. मावशींनी ती ताटली मला मुद्दाम आणून दाखवली.

बिल्डिंगमध्ये कुजबुज झालीच. सेक्रेटरीने एकदा लिफ्टमध्ये मला विचारलं, "ते पार्ल्याचे कोण येतात? नातेवाईक का?" मी म्हटलं, "कस्टमर." ते म्हणाले, "दर गुरुवारी?" मी म्हटलं, "माल जास्त आहे."

खरं म्हणजे माल विकलाच जात नव्हता. चेक झालेल्या साड्या मावशींच्या कपाटात, मलमलीच्या कापडात गुंडाळून. ॲपवर एकही गेली नव्हती. मी विचारलं तर म्हणाल्या, "फोटोक उजेड बरो नाय." एप्रिल महिना होता. मरोळमध्ये उजेडाशिवाय दुसरं काही नव्हतं.

बारा गुरुवार असे गेले. तेराव्याला दामले सुटकेस घेऊन आले.

"आमची बिल्डिंग पाडतायत," ते म्हणाले. रीडेव्हलपमेंट. पार्ल्यात आता हेच चाललंय, एकेक जुनी बिल्डिंग हिरव्या जाळीत जाते. "महिनाअखेर जागा रिकामी करायची. नवीन व्हायला तीन वर्षं. मुलगा नाशिकला घेऊन चाललाय." सुटकेस त्यांनी जमिनीवर ठेवली. "बावीस उरल्यात. मेस्त्रीबाई, आता चेकिंग एकदम करावं लागेल. जमेल का?"

मावशी उठल्या. टेबल पुसलं. पहिली साडी टाकली, उलटी केली, सुलटी केली. दुसरी. तिसरी. मी एका बाजूने उघडून देत होते आणि दुसऱ्या बाजूला घडी घालत होते, माझीच दमछाक झाली. एकतीस वर्षांचा हात होता तो. बावीस साड्या संपल्या तेव्हा भिंतीवरचं घड्याळ जेमतेम वीस मिनिटं पुढे गेलं होतं.

दामल्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मग मावशींकडे.

"तुम्ही एका साडीला आठवडा घेत होतात," ते म्हणाले.

मावशी टेबलावरचे धागे गोळा करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तेव्हा घाय नव्हती."

शुद्ध बोलायचं त्या विसरल्या होत्या. दामल्यांनी सुटकेस बंद करून दाराशी ठेवली आणि पुन्हा येऊन खुर्चीत बसले. मी माझा लॅपटॉप वाजतोय असं सांगून घरी आले.

त्यानंतरच्या तीन रविवारी साड्या विकल्या गेल्या. जाहिराती मावशींनी लिहिल्या. त्या मात्र वेगळ्या होत्या. 'अंजिरी इरकल. गुडघ्यापाशी सुतं ओढलेली आहेत. ती बालवाडीतल्या मुलांची कामं आहेत, ती काढायची नाहीत.' अट एकच, साडी कुरिअरने जाणार नाही, घेणारीने स्वतः यायचं. कुर्ला, भांडुप, बोरिवली, कुठून कुठून बायका आल्या. मुलाखत घ्यायला मावशींच्या शेजारी दामले.

मावशी विचारायच्या, "भांडी स्वतः घासतेस का? घासताना पदर खोवतेस ना?" दामले विचारायचे भलतंच. "तुम्ही मोठ्याने हसता का?" एका मुलीला हा प्रश्नच इतका चमत्कारिक वाटला की ती खो खो हसत सुटली. दामले लगेच म्हणाले, "हिला ती लिंबू रंगाची द्या." घाटकोपरच्या अंगणवाडीतल्या एक सेविका आल्या होत्या. इरकल त्यांना गेली. त्यांनी तिथेच खांद्यावर टाकून बघितली तेव्हा दामले गॅलरीत जाऊन उभे राहिले. मावशी त्यांच्या मागे गेल्या नाहीत. त्यांनी त्या बाईंना पाणी दिलं, मुलं किती आहेत ते विचारलं, आणि दामले आत येईपर्यंत त्यांना थांबवून ठेवलं.

हिरवी नारायणपेठ शेवटपर्यंत राहिली. तीन बायकांना ती आवडली होती आणि तिघीही मावशींच्या मते पास होत्या. प्रत्येक वेळी दामले म्हणाले, "बघू." चौथ्या वेळी मावशींनी ती उचलली, मलमलीत गुंडाळली आणि त्यांच्या सुटकेसमध्ये ठेवली. "ही नाय विकूची," म्हणाल्या. गुडघ्याचं खरं त्यांनी कधीच सांगितलं नाही.

महिनाअखेर दामले नाशिकला गेले.

त्याच्या पुढच्या गुरुवारी चार वाजता मावशींनी माझं दार वाजवलं. "ये गो, चाय पी." गेले तर कप दोन काढून ठेवलेले होते आणि तव्यावर घावणे. मी खाल्ले. त्या समोर बसून होत्या. मी ऑफिसातलं काहीबाही सांगत राहिले, पण त्यांनी मला धागे कापायला सांगितलं नाही. पुढचे तीन आठवडे त्यांनी कोणाच्या पिशव्या घेतल्या नाहीत. ॲपवर मेसेज साचले. मुलुंडच्या मुलीने विचारलं, 'आजी, बरं नाही का?' बिल्डिंगमध्ये लिफ्टचं बटण आत गेलं, तिथे आठ दिवस बाण लागला नाही, तेव्हा सेक्रेटरीसुद्धा मला विचारायला आले की मेस्त्रीबाई गावी गेल्यात का.

मग एका दुपारी फोन आला. भिंतीपलीकडे स्पीकर.

"मेस्त्रीबाई, दामले बोलतोय. एक घोटाळा झालाय. इथल्या सोसायटीतल्या बायकांना मी तुमच्याबद्दल सांगितलं. तर त्यांनी मलाच कपड्यांच्या पिशव्या आणून दिल्यात. सात पिशव्या. मी दोन दिवस बघतोय, मला एकही चूक सापडत नाही."

"एकपण नाय?"

"एकही नाही. सूनबाई म्हणते, तुम्हीच बोलावून घ्या त्यांना. तिची आई यायची त्या खोलीत तुमची सोय होईल. चार दिवस यायला जमेल का?"

मी भिंतीला कान लावला, हे कबूल करते.

"बघतंय," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला. पाच मिनिटांत माझ्या दारात. "त्या माणसाक काय्येक दिसणा नाय गो. चष्म्याचो नंबर वाढलो आसतलो. सात पिशये! सगळो गोंधळ करून ठेवतलो. माका जावचा लागतला." एवढं रागाने बोलल्या की मला हसू दाबावं लागलं.

शनिवारी सकाळी सातची नाशिकची बस होती. मावशी वर्षातून एकदा गावाला जातात, त्याशिवाय मी त्यांना कुठे जाताना पाहिलं नव्हतं. साडेपाचला बेल वाजली. दार उघडलं तर मी ओळखलंच नाही. मावशींच्या त्या चार सुती साड्या मला तोंडपाठ होत्या. ही वेगळी होती. जांभळट निळी, बारीक काठाची. ॲपवरूनच घेतलेली, अंबरनाथच्या कोणा बाईकडून. तिला काय काय विचारलंत, असं मी म्हटलं तर म्हणाल्या, "काय्येक नाय. फोटो बघलंय आणि घेतलंय."

मग त्या दारातच उभ्या राहिल्या. हातात पिशवी, पिशवीत डबा. घावण्यांचाच असणार.

"मनी," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीपेक्षा लहान होता. "बरी दिसतंय मां?"

"छान दिसताय, मावशी."

"खरा सांग."

"अगदी खरं."

त्यांचं समाधान झालं नाही. "नितीनाक इचार."

मी नितीनला उठवलं. तो डोळे चोळत, केस उभे, बाहेर आला आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघून त्याला निदान एवढं कळलं की आत्ता थट्टा करायची नाही. त्याने मावशींकडे नीट पाहिलं. "मस्त, मावशी," म्हणाला. "एकदम मस्त."

"मगे जातंय," त्या म्हणाल्या.

पिशवी घेऊन मी त्यांना खाली सोडायला गेले. रिक्षा गेटपाशी उभी होती. त्या आत बसल्या, डबा सरळ राहील असा पायांमध्ये धरला. मी म्हटलं, पोचलात की फोन करा. त्यांनी मान हलवली, पण लक्ष नव्हतं. रिक्षा सुरू झाली तशी त्यांनी पदर पुढे ओढून मांडीवर घेतला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला, वाऱ्याने चुरगळू नये म्हणून.